साडूचं स्टेशन

माझे सासरे येडगावचे. धरणाच्या काठाला त्यांची शेती आहे. त्यांना दोन मुली. थोरली सोलापूर जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावी दिली, धाकटी मला. थोरलीचा नवरा, म्हणजे माझा साडू, तिथे स्टेशन मास्तर होता. मी एसटीत कंडक्टर होतो. हे सगळं लिहायचं म्हटलं तर या दोन ओळींपासूनच सुरुवात करायला हवी, कारण माझ्या पोटातलं दुखणं इथूनच सुरू झालं.

आमच्या जुन्नर-आंबेगावात रेल्वे नाही. कधीच नव्हती. पुण्याला जायचं तर एसटी, नाशिकला जायचं तर एसटी. त्यामुळे रेल्वेतला जावई म्हणजे सासऱ्यांना मोठं अप्रूप. तरुणपणी एकदा पुण्याला पुलावरून त्यांनी खाली उभी असलेली गाडी पाहिली होती. आत कधी बसले नव्हते. दिवाळीला आम्ही दोघे साडू येडगावला गेलो की ओसरीवरची खुर्ची त्याला मिळायची आणि मी सतरंजीवर बसायचो. सासरे त्याला 'मास्तर' म्हणायचे आणि मला 'पावणं'. पावणं काय, दारात आलेल्या कुणालाही म्हणतात.

"मास्तर, दोन गाड्या समोरासमोर आल्या मंग कसं करायचं?" सासरे विचारायचे.

मग साडू शेंगदाणे मांडून दाखवायचा. हे तुमचं स्टेशन, हे पुढचं. एक गाडी इथे बाजूच्या रुळावर घ्यायची, दुसरी सोडायची. सासरे वाकून वाकून बघायचे. हे मी दर दिवाळीला बघत होतो. माझ्या गाडीत रोज साठ माणसं चढत-उतरत होती, घाटात गाडी बंद पडली तर मी दगड लावायला धावत होतो. त्यातलं काही सासऱ्यांनी मला एकदाही विचारलं नाही.

लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी मी पहिल्यांदा साडूचं स्टेशन पाहिलं. बायकोला घेऊन तिच्या बहिणीकडे गेलो होतो. तिथून तेव्हा छोट्या रुळांची गाडी जायची. डबे बुटके, खिडक्या एवढ्याशा, आणि चाल अशी की तरुण माणूस पळत जाऊन चढेल. स्टेशन गावाच्या ऐन मध्यात होतं. काळ्या दगडाची बैठी इमारत, वर कौलं, मागे मास्तरचं क्वार्टर. फलाट जमिनीपासून जेमतेम गुडघाभर उंच. फलाटाच्या एका टोकाला बायका मेथी-कोथिंबीर घेऊन बसलेल्या, दुसऱ्या टोकाने शाळेची पोरं रूळ ओलांडून चाललेली. पिठाची गिरणी, सराफाची दुकानं, दवाखाना, सगळं हाकेच्या अंतरावर. गाव स्टेशनाभोवती वाढलं होतं. त्याचे सगळे रस्ते तिथेच येऊन मिळायचे.

गाडी आली. साडू टोपी घालून बाहेर आला. त्याच्या हातात वेताची मोठी कडी होती. पुढच्या स्टेशनापर्यंत जायचा परवाना त्या कडीला बांधलेला असतो, तो मिळाल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही. गाडी सुटायची वेळ झाली तेवढ्यात समोरच्या बोळातून एक म्हातारी गाठोडं घेऊन येताना दिसली. साडूने कडी हातातच धरून ठेवली. ड्रायव्हर थांबला, गार्ड थांबला, अख्खी गाडी थांबली. म्हातारी आली, कुणीतरी तिला वर ओढून घेतलं, आणि मग साडूने कडी दिली. जाताना म्हातारी खिडकीतून म्हणाली, "मास्तर, सुखी राहा."

मी तिथे उभा होतो. मीही कितीदा सुटायची घंटी न मारता गाडी थांबवून धरली आहे, पण मला कुणी सुखी राहा म्हटलं नव्हतं. उशीर झाला म्हणून बाकीच्यांनी शिव्या मात्र दिल्या होत्या. परतीच्या वाटेवर मी बायकोला म्हणालो, "एवढीशी खेळण्यातली गाडी, त्याचा मास्तर." ती खिडकीबाहेर बघत राहिली.

पुढे बऱ्याच वर्षांनी ती छोटी गाडी बंद करून मोठे रूळ टाकायचं ठरलं. मोठ्या गाडीला वळणं चालत नाहीत, म्हणून नवीन मार्ग गावात न शिरता बाहेरून सरळ काढला. नवं स्टेशन गावापासून तीन किलोमीटरवर, माळावर होणार होतं.

येडगावला सासऱ्यांना हे समजलं तेव्हापासून त्यांनी एकच धोशा लावला. "पावणं, ती बारकी गाडी बंद व्हायच्या आत मला एकदा तिच्यात बसवा. मास्तरच्या टेशनात." त्यांना एकट्याने जाणं जमणारं नव्हतं, दोन-तीन ठिकाणी गाड्या बदलायच्या होत्या. सासूबाई आजारी असायच्या, म्हणून बायकोला आणि तिच्या बहिणीला आळीपाळीने येडगावला राहून त्यांचं बघावं लागायचं. राहिलो मी. आणि माझ्या रजा शिल्लक होत्या.

सासऱ्यांच्या घरी तेव्हा फोन नव्हता. साडूने माझ्या डेपोत फोन केला. म्हणाला, "भाऊ, गाडी महिनाअखेरपर्यंतच आहे. मामांना घेऊन या. ड्रायव्हर आपला माणूस आहे, मी मामांना इंजिनात बसवतो. पुढच्या स्टेशनापर्यंत जाऊन येतील."

मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला.

डेपोतून बाहेर पडलो तर डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं. सासरे इंजिनात बसलेत, साडू खाली उभा राहून कडी देतोय, आणि मी फलाटावर त्यांची पिशवी धरून उभा. त्यानंतर येडगावात जन्मभर हीच गोष्ट. पारावर, लग्नात, बाजारात. मास्तरनी मला इंजिनात बसवलं. त्या रविवारी मी येडगावला गेलो. सासऱ्यांनी विचारलं, "मास्तरचा काय निरोप?"

मी म्हणालो, "मामा, ते लई कामात हायेत. नव्या लाइनीचं काम चालू हाय. आता येऊ नका म्हणाले."

सासरे "बरं" म्हणाले. उठून गोठ्याकडे गेले. साडूला मी फोन करून सांगितलं की मामांची तब्येत ठीक नाही. दोन वाक्यं, दोन माणसांना. महिना संपला. गाडी बंद झाली.

नवं स्टेशन झाल्यावर साडूच्या मुलीच्या लग्नाला आम्ही गेलो. मी मुद्दाम नव्या स्टेशनावर जाऊन आलो. दोन लांबलचक फलाट, वर पत्रे, लोखंडी पूल, सारखी बाईच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजातली घोषणा. चारही बाजूंना बाभळी आणि वारा. साडू आता एका खोलीत बसायचा. समोर दिवे लागलेला बोर्ड, बटणं दाबली की सिग्नल पडतो. कडी गेली, टोपीही बहुतेक गेली. दोन-तीन तास मी तिथे होतो, एकाही उतारूने त्याला ओळख दिली नाही. गाड्या मोठ्या, लांबून येणाऱ्या, एक मिनिट थांबून जाणाऱ्या. त्या गाडीसाठी कुणी म्हातारी पळत आली असती तर तिला कुणी थांबून घेतलं नसतं.

मला फार बरं वाटलं. इतक्या वर्षांत त्याच्या घरी मी पहिल्यांदाच पोटभर जेवलो.

"तुमचं गाव लांब राहिलं की, साडूभाऊ," मी म्हणालो.

"राहिलं," तो म्हणाला. "रिक्षावाल्यांचं बरं झालं. 'जुनं स्टेशन, नवं स्टेशन' असं ओरडत दिवसभर फिरतात. गाडी नाही येत, पण लोक अजून म्हणतात स्टेशनावर भाजी आणायला चाललो."

त्याच्या बोलण्यात कुठे दुखावल्याचा सूर आहे का, ते मी शोधत होतो. सापडला नाही. याचाही मला रागच आला.

मग काही वर्षांनी आमच्याकडे वारं फिरलं. पुण्याहून नाशिकला जाणारी रेल्वे आपल्या तालुक्यांतून जाणार असं ठरलं. निरगुडसरच्या अलीकडे आमची वाडी आहे. आमच्या शिवेवरच्या माळावर मोजणीवाले आले, दुर्बिणी लावल्या, लाल-पांढऱ्या खुंट्या ठोकल्या. एका खुंटीवर त्यांनी रंगाने काहीतरी आकडे लिहिले आणि चहा पिता पिता त्यांच्यातला एकजण म्हणाला, "बहुतेक स्टेशन इथंच येईल."

तो 'बहुतेक' माझ्याशिवाय सगळ्यांना ऐकू आला असावा. मी तेव्हा निवृत्त झालो होतो. रोज सकाळी माळावर फिरायला जायचो आणि कुणी भेटलं की दाखवायचो, इथे फलाट, इथे तिकीटघर, इथे गाड्या लावायची जागा. रस्त्याच्या कडेला एकाने पत्र्याचं हॉटेल टाकलं आणि नाव दिलं 'हॉटेल जंक्शन'. पारगावच्या कारखान्याकडे जाणारे ट्रॅक्टरवाले तिथे थांबायला लागले. मिसळ बरी होती.

मी साडूला फोन लावला. इतक्या वर्षांत आपणहून पहिल्यांदा. "साडूभाऊ, आमचं स्टेशन बघायला या."

तो आला. तोही निवृत्त झाला होता, केस पांढरे झाले होते. सासऱ्यांनाही मी येडगावहून गाडी करून आणलं होतं. वय झालेलं, हातात काठी. ते खुंटीजवळ उकिडवे बसले आणि खुंटीवरून हात फिरवून म्हणाले, "हितं गाडी उभी राहणार?"

"हितंच, मामा."

"मंग तुमच्याच टेशनात बसीन मी. ऱ्हायलंय ना बसायचं."

तुमच्याच टेशनात. हे ऐकायला मला तीस वर्षं लागली होती. मी साडूकडे पाहिलं. तो माळावर चालत चालत लांब गेला होता. वाकून जमीन बघत होता. परत आल्यावर त्याने विचारलं, "वाडी किती लांब इथून?"

"दीड किलोमीटर असेल."

"आणि मोठं गाव?"

"चार-पाच."

"लोकांना यायला सोय करून घ्या आधी. एसटीवाल्यांशी बोला, तुमची ओळख आहे," तो म्हणाला. "जुन्या स्टेशनांना गाव बघून जागा द्यायचे. आता नकाशावर रेघ मारतात, तिच्यावर जिथे बसेल तिथे स्टेशन. आमच्याकडे लोकांनी वर्षभर चालत तंगडतोड केली. आणि हे बघा, खुंटी म्हणजे स्टेशन नव्हे. आमच्या नव्या स्टेशनाची खुंटी तीनदा हलली होती."

तो गेल्यावर मी घरी बायकोला म्हणालो, "बघितलंस? आपल्याकडं स्टेशन होतंय तर जळतोय."

ती भाकऱ्या थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "कोण जळतंय आन् किती वर्षं जळतंय, ते या घरात सगळ्यांना म्हाईत हाय."

त्यानंतर दोन-तीन वर्षं खुंट्या तशाच राहिल्या. काही गुरांनी पाडल्या, काही पोरांनी नेल्या. आणि एके दिवशी मंचरच्या बाजारात मी बटाट्याचं बेणं बघत होतो तेव्हा शेजारच्या माणसाने मोबाइल माझ्यापुढे धरला. रेल्वेचा मार्ग बदलला. आमच्या तालुक्यांतून जायची नाही, लांबून दुसरीकडून जाणार. कुणी एक कारण सांगत होतं, कुणी दुसरं. मी बेणं न घेताच घरी आलो.

संध्याकाळपर्यंत साडूचे चार फोन आले. मी उचलले नाहीत. तो हसेल असं मला वाटत नव्हतं. तो समजूत घालेल, याचीच भीती वाटत होती. माळावर जाणं मी सोडून दिलं. त्याचं स्टेशन निदान जुनं तरी झालं होतं. माझं जुनं व्हायच्या आधीच गेलं. तिथून एकही माणूस कधी कुठे गेला नाही, तरी वाडीतली माणसं आजही त्या माळाला 'टेशन' म्हणतात. "म्हशी टेशनाकडं गेल्यात," असं म्हणतात. हॉटेल जंक्शन चालू आहे.

सासऱ्यांना हे मी सांगितलं. ते पंच्याऐंशीच्या पुढचे होते. हातातली काठी भिंतीला टेकवून ठेवली. मग म्हणाले, "आता माज्यानं वाट बघवत न्हाई, पावणं. मास्तरकडं चला. जुनी न्हाई तर नवी गाडी."

या वेळी मी टाळलं नाही. भाच्याची जीप घेतली, पहाटे निघालो आणि दुपारी साडूच्या घरी पोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता साडू म्हणाला, "आधी जुन्या स्टेशनावर जाऊ. मामांना बघायचंय."

रूळ केव्हाच उचलले होते. त्यांच्या जागी डांबरी रस्ता झाला होता, त्यावरून रिक्षा पळत होत्या. इमारत तशीच उभी होती, दाराला कुलूप, कौलं काही ठिकाणी खाली आलेली. भाजीवाल्या बायका मात्र आता फलाटभर पसरल्या होत्या. फलाट रस्त्याच्या कडेचा कट्टा झाला होता. साडूला बघून दोन-तीन बायकांनी "मास्तर" म्हणून हाक मारली. एकीने सासऱ्यांना बसायला गोणपाट टाकलं.

सासरे फलाटावर बसून पाय रस्त्यावर सोडून इकडे तिकडे बघत राहिले. "इंजान कुठं उभं ऱ्हायचं?"

"ते तिथं, लिंबाच्या समोर," साडू म्हणाला. "तुम्हाला तिथंच चढवणार होतो मी."

"तवा तुमी कामात व्हता ना. येऊ नका म्हणलात."

मी बायकांच्या कोथिंबिरीकडे बघत होतो. साडूने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं ते सांगता येणार नाही, एक रिक्षा समोरून गेली एवढं आठवतं. त्याला सगळं कळलं होतं.

"हो, मामा," तो म्हणाला. "कामात होतो. चुकलंच माझं."

त्याने मला शिवी दिली असती तर मी ती सोसली असती. त्याने माझा खोटेपणा स्वतःच्या अंगावर घेतला, तोही भरल्या बाजारात, आणि सहज. मला शरम वाटली हे खरं आहे. पण खरं लिहायचं तर शरमेच्या आधी आणखी एक गोष्ट वाटली. इथेही हाच मोठा ठरला, असं वाटलं.

नव्या स्टेशनावर साडूने सासऱ्यांना हाताला धरून जिना न चढता उताराच्या वाटेने फलाटावर नेलं. गाडी आली तेव्हा सासरे दोन पावलं मागे सरले, तिचा वारा अंगावर आला म्हणून. आम्ही चढलो. दोन स्टेशनं जाऊन उलटगाडीने परत यायचं ठरलं होतं. सासऱ्यांना खिडकी दिली. साडू दाराशी कुणा ओळखीच्या टीसीशी बोलत उभा राहिला. मी सासऱ्यांच्या शेजारी होतो.

"मामा," मी म्हणालो, "तेव्हा मास्तर कामात नव्हते. त्यांनी बोलावलं व्हतं तुमाला. मीच सांगितलं न्हाई."

त्यांनी खिडकीबाहेरची नजर हलवली नाही. मला वाटलं ऐकू गेलं नाही. मग म्हणाले, "का?"

"हेवा वाटला."

"कुणाचा? मास्तरचा?"

"हो."

ज्वारीची शेतं मागे पळत होती. त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मास्तरचं काय गेलं त्यात," ते म्हणाले. "गाडी माजी गेली."

मी आयुष्यभर साडूशी झुंजत होतो आणि मार बसला तो त्यांना. दुसऱ्या स्टेशनावर उतरताना मी हात पुढे केला. त्यांनी तो धरला नाही, साडूचा धरला. परतीच्या गाडीतही ते त्याच्याच शेजारी बसले. साडू त्यांना सिग्नल दाखवत होता आणि ते वाकून वाकून बघत होते.

संध्याकाळी मी साडूला एकटं गाठलं. "मी मामांना खरं सांगितलं," म्हणालो.

"सांगायला नको होतं," तो म्हणाला. "म्हाताऱ्या माणसाला कशाला." मग म्हणाला, "मला सकाळी राग आला होता, भाऊ. अजून आहे. जाईल हळूहळू."

एवढंच. तो पाण्याची मोटर बंद करायला गेला.

सासरे महिनाभर माझ्याशी तुटक बोलत होते. मग पाटाला पाणी सुटायची वेळ आली आणि माणूस मिळेना, तेव्हा त्यांनीच निरोप पाठवला, "पावणं, या." मी गेलो, रानात दोन दिवस पाणी दिलं.

आता येडगावला कुणीही आलं की ते रेल्वेची गोष्ट सांगतात. गाडी किती लांब होती, वारा कसा आला, आत भांडं ठेवलं तरी हलत नाही. मास्तरनी हाताला धरून नेलं, मास्तरनी खिडकी दिली, मास्तरनी सिग्नल दाखवले. जीप कुणी आणली, खिडकीशेजारी कोण बसलं होतं, हे त्या गोष्टीत कुठेच येत नाही. मी बहुतेकदा तिथेच सतरंजीवर असतो. मधे बोलत नाही. ऐकताना पोटात अजून दुखतं, पण गोष्ट संपेपर्यंत मी उठून जात नाही.